बाबांची सही

सोमवार, ८ जानेवारी

बोगदेबहाद्दर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे उघडावं की नाही याचा तू विचार करशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की यात भांडण नाही. निदान या पानावर तरी नाही. फोनवर आपल्याला तिसऱ्या वाक्यापुढे जाता येत नाही, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडून बोलता येत नाही. तुलासुद्धा.

काम तुझ्या लेकीचं आहे. भिंगरीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. शाळा तीच, सिस्टरांची, जिथे मी रसायनशास्त्र शिकवते आणि जिच्यापायी, तुझ्या म्हणण्याप्रमाणे, मी नवरा सोडला. (बघ, आलंच. पुढे जाते.) आमच्याकडे शेवटच्या वर्षाच्या मुलींना परीक्षेआधी रिट्रीटला नेतात. शहराबाहेर सिस्टरांचं एक घर आहे, मागे झाडं, पुढे चॅपल. मुलींचे फोन काढून घेतात, घड्याळंही काढून घेतात. मग प्रार्थना, मौन, फादरांचं बोलणं आणि भरपूर रडारड. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकीच्या हातात एक कापडी पिशवी देतात. तिच्यात पत्रं असतात. आईचं, बाबांचं, भावंडांचं, ज्यांना ज्यांना कळवलेलं असतं त्यांचं. ती घेऊन प्रत्येकीनं एकटीनं कुठेतरी बसायचं आणि वाचायचं.

मुलींना याचा पत्ता नसतो. ज्या शाळेत चाचणीचे गुण फळ्यावर लागायच्या आधी जिन्यात कळतात, तिथे ही एक गोष्ट कुणी फोडत नाही. आदल्या वर्षीच्या मुली ती पोटात ठेवतात. कशा ठेवतात देव जाणे.

मला भीती पिशवीची आहे. एका वर्षी मी देखरेखीला गेले होते. एका मुलीच्या पिशवीत तिच्या वडिलांचं पत्र नव्हतं. ते शहरातच होते, विसरले होते. तिनं पिशवीत पुन्हा पुन्हा हात घातला, मग पिशवी उलटी केली, मग नीट चार घड्या घालून सिस्टरांना परत दिली आणि 'थँक यू' म्हणाली. आपल्या घरात मला ते बघायचं नाही.

तेव्हा लिही. एक पान पुरे. ९ फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे पोचलं पाहिजे. माझ्या हातात द्यायचा कमीपणा वाटत असेल तर रिट्रीटच्या घराचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. धाकट्या सिस्टर ते सगळं बघतात. (थोरल्या सिस्टर म्हणजे प्राचार्या, त्यांना यात ओढू नकोस.)

आणखी एक. तुझ्या शहरातल्या विद्यापीठात तिला आर्किटेक्चरला जागा मिळाली आहे. इतरही मिळाल्या आहेत, त्यातलं एक कॉलेज इथून रोज बसनं जाऊन-येऊन करण्यासारखं आहे. कुठे जायचं ते तिचं ती ठरवेल. मी मध्ये पडत नाही.

भिंगरीची आई


रविवार, २८ जानेवारी

अरे,

अजून काही नाही. टपालाला वेळ लागतो म्हणून मी रोज स्वतःची समजूत घालते आणि रोज शाळेच्या कार्यालयात डोकावते. तिथली क्लार्कबाई आता मला पाहिलं की मी विचारायच्या आधीच मान हलवते.

धाकट्या सिस्टरांच्या खोलीत, क्रूसाखालच्या टेबलावर, एक मोठी वेताची टोपली ठेवली आहे. वर फडकं. आईबाप हजेरीची चौकशी करायला आल्यासारखं करतात आणि जाता जाता फडक्याखाली पाकीट सरकवतात. परवा एकीचे वडील आले, बस चालवतात, गणवेशातच होते. त्यांचं पाकीट इतकं फुगलेलं की चिकटपट्टीचे वेढे मारून बंद केलेलं. मला त्या माणसाचा राग आला. त्यानं माझं काय बिघडवलं होतं? पण आला.

तू म्हणशील, 'गेलास तर मागे वळून विचारपूस करायची नाही' असं तूच म्हणालीस. म्हणाले होते. रागात म्हणाले होते. एवढा संसार करून बायकोचं रागातलं बोलणं आणि खरं बोलणं वेगळं काढता येत नसेल, तर तू डोंगर कसे फोडतोस कोण जाणे. आणि फोनचं म्हणशील, तर तुझा फोन यायचा तेव्हा ती खरोखरच अभ्यासाला बसलेली असायची. बहुतेक वेळा.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती माझ्यासाठी प्रयोगशाळेत थांबली होती. मी वह्या बघत होते, ती परीक्षानळ्या धूत होती.

"आई, मला तिकडे मिळालंय ते बाबांना कळवलंस का?"

"कळवलं."

"मग?"

"मग काय? कामात असतील."

"कामात म्हणजे बोगद्यात फोन लागत नाही, तसं ना?"

"तसंच."

तिनं धुतलेलीच नळी पुन्हा धुवायला घेतली. "मी तिकडे आलेली त्यांना चालेल का गं?"

"विचार ना त्यांना."

"मी का विचारू? बोलावणं त्यांचं यायला पाहिजे."

स्वभाव अगदी बापाचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि मग नाक मुठीत धरून वाट बघायची.

आमचे कॉलेज-मार्गदर्शक सर, ज्यांना मुली 'होकायंत्र' म्हणतात, मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, वर्गात एक तुमचीच राहिली. पहिल्या पसंतीची जागा हातात आहे आणि पोरगी हो म्हणत नाही. २३ फेब्रुवारीला दुपारी बारानंतर जागा जाते. घरी काही अडलंय का?" मी म्हटलं, घरी काही अडलेलं नाही. आमच्या शाळेत मुलगी पास होते याचं कौतुक नसतं, ती कुठल्या विद्यापीठात जाते याचं असतं. शिक्षिकेचीच मुलगी अडून बसली म्हटल्यावर स्टाफरूमला विषय मिळाला.

माझं पत्र लिहून झालं. नीट, मुद्देसूद, एक पान. परीक्षेच्या आधी झोप कशी घ्यायची, पेपर कसा वाचायचा, तब्येत, वगैरे. धाकट्या सिस्टरांनी पाकीट हातात तोलून विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "आम्ही रोज बोलतो ना."

तू मात्र रोज बोलत नाहीस. लिही, अरे. हात जोडते.

मी


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

शाळा सुटली आहे, शिपाईदादा वर्ग बंद करत फिरताहेत. मला हे आत्ताच लिहून टाकायचं आहे, घरी गेल्यावर जमणार नाही.

तुझं पत्र आलं नाही. दुपारी धाकट्या सिस्टर चॅपलमध्ये गेल्या तेव्हा मी फडकं काढून टोपली स्वतः बघितली. तिच्या नावाची पाकिटं होती. माझं, तुझ्या बहिणीचं, तिच्या मैत्रिणीच्या आईचंसुद्धा. तुझं नाही.

म्हणून मी लिहिलं. तुझ्या नावानं.

कर आरडाओरडा. झाला? आता ऐक. प्रयोगशाळेच्या संगणकावर टाइप केलं, कारण तू वाण्याची यादीसुद्धा टाइप करणारा माणूस. 'भिंगरी' म्हणूनच सुरुवात केली. लिहायला बसले तेव्हा वाटलं जमणार नाही, आणि मग कसं झरझर आलं. तू कसा बोलतोस ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

'भिंगरी, पत्र लिहायची मला सवय नाही. परीक्षा जवळ आली. वेळेवर झोप, वेळेवर जेव. घाबरायचं काही कारण नाही, तू घाबरणाऱ्यातली नाहीस. आईशी वाद घालू नकोस. तिच्यापुढे कुणाचं चालत नाही, माझंही चाललं नाही. बोगद्याचं काम लांबलंय. — बाबा.'

आहे की नाही तू? आणखी एकदोन ओळी आहेत मध्ये, त्या काही महत्त्वाच्या नाहीत.

सहीची अडचण नव्हती. शाळेला प्रगतिपुस्तकावर आईबाप दोघांच्या सह्या लागतात आणि तू कायम कुठल्या तरी डोंगराच्या पोटात. पहिलीपासून तुझी सही मीच करत आले. तूच म्हणायचास, 'कर गं, कोण बघतंय.' आता तर ती माझ्या हातात इतकी बसली आहे की तुझी मूळची कशी होती ते मला आठवत नाही.

धाकट्या सिस्टरांना पाकीट दिलं. म्हटलं, माझ्या पत्त्यावर आलं. त्यांचा चेहरा एवढा फुलला! "आलं ना शेवटी! मी रोज सकाळी चॅपलमध्ये मिस्सेच्या वेळी त्याचसाठी प्रार्थना करत होते." मी काही त्यांच्या धर्माची नाही, पण तेवढा वेळ क्रूसाकडे पाठ करून उभी राहिले.

तुला हे सांगायचं कारण एवढंच. उद्या तिनं पत्राचा विषय काढला तर 'कुठलं पत्र?' म्हणून मोकळा होऊ नकोस. जे तू केलं नाहीस ते मी केलं. आता निदान ते तुझं आहे असं म्हण.

मी


रविवार, १८ फेब्रुवारी

पाठवायचं होतं तर एका शब्दानं मला कळवायला काय झालं होतं?

काल रिट्रीट संपली. शेवटच्या संध्याकाळी पालकांना बोलावतात. सभागृहात आम्ही सगळे अवघडून बसलो होतो, मुली अजून चॅपलमध्ये होत्या. धाकट्या सिस्टर रांगा ओलांडत माझ्यापर्यंत आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "तिच्या बाबांनी दोन पत्रं पाठवली! एक तुमच्याकडे आणि एक थेट आमच्या पत्त्यावर, अगदी शेवटच्या दिवशी आलं. मी दोन्ही ठेवली पिशवीत. किती माया आहे हो त्यांची!"

मी हसले. हसावंच लागलं.

मुली आल्या. दिसेल त्या आईच्या गळ्यात पडत होत्या. तो बस चालवणारा बाबा तर लहान मुलासारखा हुंदके देत होता. भिंगरी आली, माझ्या शेजारी उभी राहिली, म्हणाली, "जाऊया?" बसमध्ये खिडकीकडे तोंड. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी तिनं पिशवीतून दोन पत्रं काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, शेजारी शेजारी.

"हे बाबांचं," टाइप केलेल्यावर बोट ठेवून म्हणाली. "आणि हे तू लिहून घेतलंस."

"मी?"

"आई, मी लहान नाही. कुणाकडून लिहून घेतलंस? अक्षर कुणाचं आहे? बाबा हातानं लिहितात का कधी? आणि असं लिहितील? 'माझं चुकलं, फोनवर तू नाहीस म्हटल्यावर मी गाडी पकडून दारात यायला हवं होतं.' हे बाबा? 'तुझी खोली लावून ठेवली आहे. तू डावरी, म्हणून टेबल असं ठेवलंय की उजेड उजवीकडून येईल.' मी डावरी आहे हे त्यांच्या लक्षात तरी असेल का?" मग तिनं तुझ्या नावावर नख टेकवलं. "आणि सही तरी बघून करायची. बाबांची सही मला ओळखता येत नाही असं वाटलं तुला?"

तुझ्या लेकीनं तुझी सही खोटी ठरवली आणि माझी खरी. मी तिथे उभी राहून तुझं पत्र वाचलं, पहिल्यांदाच, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. 'तू नाही आलीस तरी टेबल तिथेच राहील' या वाक्यापर्यंत आले आणि पुढचं दिसेना. तुला असं लिहिता येत होतं? मग मला का कधी लिहिलं नाहीस? उजेडाचं तर माझ्याही डोक्यात आलं नसतं. इथे तिचं टेबल उलटं आहे, इतकी वर्षं ती स्वतःच्या हाताच्या सावलीत लिहितेय.

तेव्हा सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. नाही सांगितलं.

का, ते आता लिहिते, कारण आज ना उद्या ती तुला टाइप केलेली ओळ वाचून दाखवेल. मागच्या पत्रात मी म्हटलं होतं, मध्ये एकदोन ओळी आहेत. त्या अशा: 'इकडच्या कॉलेजचं कळलं. पण माझं काम फिरतीचं, तुझ्याकडे बघायला मला वेळ होणार नाही. इकडे यायची घाई करू नकोस. घराजवळचंच बघ.'

मी स्वतःला सांगितलं होतं की तू असंच म्हणाला असतास. तुझ्या तोंडी शोभेल असंच लिहितेय, असंही सांगितलं. सगळं खोटं. त्या ओळी माझ्या आहेत. ती तुझ्याकडे आली तर या घरात मी आणि एक फ्रिज उरतो, तोही रात्रंदिवस कण्हत असतो.

तिचं ठरलंय. बसनं जाऊन-येऊन करायचं कॉलेज. होकायंत्रांना ती शुक्रवारी सकाळी सांगणार आहे. मनासारखं झालं की माझ्या, नाही का? जेवण गेलं नाही.

हे आज रात्रीच्या गाडीनं पाठवतेय, सकाळी तुला मिळेल. तिला फोन कर. उद्याच. पत्र माझंच, अक्षर माझंच, असं सांग. माझं नाव काढू नकोस.

मी


बुधवार, २१ फेब्रुवारी

केलास फोन. धन्य आहे तुझी.

मी भाजी चिरत होते आणि कान तिकडे लावून होते. "हो बाबा... मिळाली... दोन्ही मिळाली... हो, तेही वाचलं... खरंच?" मला वाटलं जमलं. सुरी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "आईनं फोन करायला सांगितला का तुम्हाला?" आणि माझा सत्यवचनी नवरा, ज्याला एवढ्या आयुष्यात सासूला 'जेवण छान होतं' एवढं खोटं बोलता आलं नाही, तो हो म्हणाला!

फोन ठेवून ती आत आली. रागावली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "आई, किती धडपड करतेस तू. त्यांच्याकडून वदवून घ्यायलाही कमी केलं नाहीस." आणि मागून येऊन मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणाली, "मला नको आहे ते. आपण दोघी आहोत ना."

दोन वर्षांत तिनं मला असं जवळ घेतलं नव्हतं. तू गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मनात कुठेतरी मलाच दोष द्यायची, मला कळत होतं. आता सकाळी माझ्यासाठी चहा करून ठेवते. बसमध्ये माझ्या वह्यांची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेते. तिला वाटतं, बाप नको म्हणाला आणि आईनं तिचं मन राखायला गोड पत्र रचलं. सगळं अगदी उलटं. आणि मी चहा पिते. मिठी घेते. हे माझं नाही, हे तुझं आहे आणि मी ढापलंय, हे कळत असताना घेते.

काल दोनदा तोंड उघडलं. एकदा ती म्हणाली, "काय गं?" मी म्हटलं, "भात लावायचा राहिला."

सांगितलं तर ती माझ्या कशावर विश्वास ठेवेल? कसलंही, साधं 'मला बरं वाटतंय' म्हटलं तरी ती माझ्याकडे बघेल आणि विचार करेल. आणि नाही सांगितलं तर ती आयुष्यभर समजेल की बापाला ती नको होती. तराजू धरायला काही फार अक्कल लागत नाही, तरी मला तो धरता येत नाही.

शुक्रवारी बारापर्यंतच वेळ आहे. तू काही करू नकोस. फोन तर मुळीच करू नकोस. तुझं करून झालं आहे.

मी


शनिवार, २४ फेब्रुवारी

सांगितलं.

काल पहिल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली. होकायंत्रांच्या खोलीकडे निघाली होती, म्हणाली, "चल ना बरोबर." मी दार लावून घेतलं आणि एका दमात बोलून टाकलं. टाइप केलेलं मी लिहिलं, हातानं लिहिलेलं बाबांनी.

तिनं माझ्याकडे अशा मायेनं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, पुरे ना आता. त्यांच्यासाठी अजून किती खोटं बोलशील?"

मी खरं सांगत होते आणि तिच्या लेखी ते माझं सगळ्यात मोठं खोटं होतं. पुराव्याला काही नव्हतं. मग मी खडू उचलला आणि फळ्यावर, कालच्या समीकरणांच्या खाली, तुझी सही केली. एका झटक्यात, शेवटच्या शेपटीसकट.

ती फळ्याकडे बघत राहिली.

"पुन्हा कर," म्हणाली.

मी पुन्हा केली.

"प्रगतिपुस्तकांवर?"

"सगळ्या."

"पहिलीपासून?"

"पहिलीपासून. बाबांनी पुस्तकं बघितली सगळी, घरी आले की तेच आधी मागायचे. सही करायच्या दिवशी ते नसायचे, एवढंच."

ती स्टुलावर बसली. घंटा झाली. आठवीच्या मुली दाराशी येऊन कलकल करायला लागल्या, मी ओरडून त्यांना बाहेरच उभं केलं. भिंगरीनं दप्तरातून तुझं पत्र काढलं, सोबत घेऊनच फिरत होती, आणि पहिल्यापासून वाचायला लागली. ओठ हलत होते. टेबलाच्या ओळीपाशी आली असावी, कारण तिथे तिनं डाव्या हाताची मूठ तोंडाशी नेली. मी ते बघितलं, तुला बघता आलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

मग मान वर केली. माया पार गेली होती.

"म्हणजे 'इकडे यायची घाई करू नकोस' हे तू लिहिलंस."

"हो."

"तुला माहीत होतं ते माझ्या हातात कुठे पडणार ते. सगळ्या रडत होत्या आई, एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मी झाडाखाली ते घेऊन बसले होते. मला रडूसुद्धा आलं नाही."

"हो."

"आणि फोन? मी अभ्यासात आहे म्हणून सांगायचीस, ते?"

"तेही."

"मी जायला नको होतं तुला."

खूप काही म्हणता आलं असतं. तुझ्या भल्यासाठी, तुझ्या काळजीपोटी, आयांची ती नेहमीची वाक्यं जिभेवर आली होती. म्हटलं, "नको होतं."

ती उठली. जाताना फळा पुसला नाही, मीही नाही पुसला. आठवीच्या मुली आत आल्या आणि विचारायला लागल्या, मॅडम, हे कुठलं सूत्र?

बाराच्या आत होकायंत्र स्वतः सांगायला आले. तिनं तुझ्या शहरातल्या जागेला होकार दिला. त्यांना वाटलं मी आनंदानं रडतेय, रुमाल पुढे केला. तेव्हा तुझ्या पत्राला उत्तर मिळालं असं समज. परीक्षा झाली की ती येईल. खोली तशीच असू दे, टेबल हलवू नकोस. तिला आणायला स्वतः जा, कुणाला पाठवू नकोस, आणि कामावरचे धुळीचे बूट घालून जाऊ नकोस. पहिले काही दिवस ती फटकून बोलेल. बोलू दे. तू गप्प राहण्यात पटाईत आहेस, तिथे तेवढं उपयोगी पडेल.

माझ्याशी ती काल दिवसभर बोलली नाही. बसमध्ये वेगळ्या सीटवर बसली. आज सकाळी चहा नव्हता, मी अपेक्षाही केली नव्हती.

दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, ती दारात येऊन उभी राहिली. हातात माझं पत्र. माझं स्वतःचं, ते मुद्देसूद. झोप, पेपर, तब्येत.

"हे मी तिथे आधी वाचलं होतं," म्हणाली. "सगळ्यात आधी तुझंच उघडलं. वाटलं, तू तरी काही म्हणशील. जाऊ नको म्हण, जा म्हण, मला एकटं वाटेल म्हण. यात काहीच नाही."

"मला लिहिता आलं नाही गं."

"बाबांच्या नावानं बरं आलं." ते पान तिनं माझ्या घड्यांवर ठेवलं. "बाबांचं पत्र मला मिळालं. तुझं अजून मिळालेलं नाही."

आणि खोलीत गेली. दार लावून घेतलं, पण कडी घातल्याचा आवाज आला नाही.

तुला अजून बरंच लिहायचं होतं. तुझ्यावर रागवायचंही राहिलंय आणि त्या पत्रासाठी तुला काही म्हणायचंही राहिलंय. ते नंतर. आधी तिला लिहायचं आहे, म्हणून हा कागद इथेच सोडते.

तुझी बायको